आराखड्यात शब्द नकोत, वाक्यं लिहा

शाईदौत

लिहिण्याआधी आराखडा करावा हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. बऱ्याच जणांनी करून पाहिलेलं असतं आणि मग सोडूनही दिलेलं असतं. माझं काम संपादनाचं, त्यामुळे "केला होता हो, पण काही उपयोग नाही झाला" असं म्हणणाऱ्यांचे आराखडे बघायला मिळतात. बहुतेक एकाच वळणाचे असतात. समजा, विषय आहे 'पाऊस कसा मोजतात':

प्रस्तावना
पाऊस मोजण्याचा इतिहास
पर्जन्यमापकाचे प्रकार
रडार
अडचणी
समारोप

यात लेखकाने ठरवलेलं काय आहे? रडारबद्दल त्याला काय म्हणायचंय? ते चांगलं आहे, अपुरं आहे, की फसवं? अडचणी कोणाच्या, आणि त्या शेवटीच का? सगळे निर्णय पुढे ढकललेत. मग लिहायला बसलं की ते एकदम अंगावर येतात, शब्दही त्याच वेळी शोधायचे असतात, आणि दुसऱ्या परिच्छेदाशी गाडी अडते.

आता तोच लेख, पण प्रत्येक मुद्दा पूर्ण वाक्यात, क्रियापदासकट:

१. पावसाचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो, म्हणजे तो साठलेल्या पाण्याची उंची सांगतो.
२. म्हणून सरळ भिंतींच्या भांड्याचं तोंड लहान असो की मोठं, आकडा तत्त्वतः तोच यायला हवा.
३. पण वारा असला की भांड्याच्या काठाशी हवा उसळते, काही थेंब बाजूला जातात आणि आकडा खऱ्या पावसापेक्षा कमी भरतो.
४. शिवाय एक भांडं फक्त आपल्या जागेपुरतं सांगतं. थोड्या अंतरावर कोरडं असू शकतं.
५. रडारला मोठा टापू एकदम दिसतो, पण ते पाऊस मोजत नाही. थेंबांवरून परतलेल्या लहरी मोजून पावसाचा अंदाज बांधतं.
६. म्हणून रडारचा अंदाज भांड्यांच्या आकड्यांशी ताडून बघावा लागतो.

'इतिहास' गळला. तो कशासाठी हवा होता याचं वाक्यच तयार होईना. प्रस्तावना आणि समारोपही गेले, आणि त्यांच्यावाचून काही अडलं नाही.

पारख सोपी आहे. मुद्द्यांची अदलाबदल करून बघा. पहिल्या यादीत रडार आधी आणि प्रकार नंतर घेतले तरी कुणाला पत्ता लागणार नाही. दुसरीत पाच नंबर दोनच्या जागी नेलात तर सहावा लटकतो. क्रम हलवल्यावर काहीच मोडत नसेल तर मुद्दे एकमेकांना बांधलेलेच नव्हते.

तुम्ही कसं करता ते लिहा. आराखडा न करणाऱ्यांनीही लिहा, त्यांचं ऐकण्यात मला जास्त रस आहे.

खोडरबर

पहिला! :)

अदलाबदलीची पारख आवडली. पटकथा लिहिणाऱ्यांत याची एक चुलत बहीण आहे: दोन प्रसंगांच्या मध्ये 'आणि मग' बसत असेल तर गोष्ट ढिली, 'म्हणून' किंवा 'पण' बसत असेल तर घट्ट. तुमच्या दुसऱ्या यादीत 'म्हणून' आणि 'पण' भरपूर आहेत. 'शिवाय' एकच, आणि तोच सगळ्यात लेचापेचा सांधा वाटला. ३ आणि ४ ही दोन स्वतंत्र गाऱ्हाणी आहेत.

शाईदौत

@खोडरबर, बरोबर पकडलंत. चौथ्याची सुरुवात बदलता येईल: 'वाऱ्याची चूक दुरुस्त केली, तरीही एक भांडं आपल्या जागेपुरतंच सांगतं.' लगेच पाचव्याकडे जायला कारण मिळालं. असे सांधे सहा ओळींत दिसतात, सहा पानांत दिसत नाहीत.

मनमौजी

वेगळं मत मांडतो. मी ललित लिहितो आणि आराखडा करत नाही. काय म्हणायचंय ते मला लिहिता लिहिताच कळतं. आधीच कळलं असेल तर लिहायची ओढच संपते, मग उरते ती हमाली. आराखड्यावरून लिहिलेले लेख मला लगेच ओळखू येतात. मुद्दा एक, मुद्दा दोन, मुद्दा तीन, आणि शेवटी 'अशा प्रकारे'. शाळेत मुद्दे देऊन गोष्ट लिहायला सांगायचे, तशी ती गोष्ट. सगळ्यांची सारखी.

तळटीप

@मनमौजी +१. कादंबरीवाल्यांत हा वाद जुनाच आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन लेखकांचे दोन गट करतात, वास्तुरचनाकार (आधी सगळं आखणारे) आणि माळी (बी पेरून काय उगवतं ते बघणारे), आणि स्वतःला माळ्यांत बसवतात. स्टीफन किंगही आधी कथानक आखण्याच्या विरोधात आहेत.

दुसऱ्या टोकाला विल्यम फॉकनर, लांबलचक, गुंतागुंतीच्या वाक्यांसाठी प्रसिद्ध अमेरिकी कादंबरीकार. त्याने 'अ फेबल' या कादंबरीचा आराखडा चक्क घराच्या भिंतीवर लिहिला, आठवड्याच्या वारांप्रमाणे. मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला त्याचं रोअन ओक नावाचं घर आहे, तिथे लिहायच्या खोलीत तो अजून दिसतो. या कादंबरीला १९५५चं पुलित्झर मिळालं. आणि गंमत म्हणजे आराखड्याशी ज्याचं नाव कुणी जोडणार नाही, असा हा लेखक.

मनमौजी

भिंतीवर लिहिलं म्हणजे खोडायची सोय नाही. धाडसी माणूस :)

अनुस्वार

चर्चा छान चालली आहे, एक भर घालते. माझा विषय मानसशास्त्र आहे.

'आराखड्याने लेखन सुधारतं' असं म्हणतात तेव्हा रोनाल्ड केलॉग यांच्या १९८८च्या प्रयोगांकडे बोट दाखवलं जातं. विद्यार्थ्यांना छोटा मजकूर लिहायला दिला होता. आधी आराखडा करणाऱ्यांचा मजकूर इतरांपेक्षा सरस ठरला. कारण असं सांगितलं की लिहिताना कल्पना सुचणं, त्या लावणं, वाक्य जुळवणं, चुका बघणं हे सगळं एकाच वेळी लक्ष मागतं. लावण्याचं काम आधी उरकलं की वाक्यांसाठी लक्ष मोकळं होतं.

पण याच प्रयोगांतल्या दोन गोष्टी फारशा सांगितल्या जात नाहीत. एक, आराखडा कागदावर न लिहिता नुसता मनात केला तरी फायदा तेवढाच दिसला. दोन, पहिला खर्डा मुद्दाम कच्चा ठेवायचा आणि नंतर घासायचा, या लाडक्या सल्ल्याने मजकुराचा दर्जा काही वाढला नाही.

मनातल्या आराखड्याचं मात्र जपून घ्या. मजकूर छोटा होता. एका वेळी मनात किती गोष्टी धरता येतात याचा नेल्सन कोवन यांनी २००१मध्ये मांडलेला अंदाज चारच्या आसपास आहे. पत्राला मन पुरतं, प्रबंधाच्या प्रकरणाला पुरणार नाही.

@मनमौजी, तुमच्या बाजूनेही पुरावा आहे. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेस यांनी लोकांना लिहिता लिहिता मोठ्याने विचार करायला सांगितलं आणि त्यावरून १९८१मध्ये लेखनप्रक्रियेचं प्रारूप मांडलं. त्यात योजना, लेखन, तपासणी एकामागोमाग येत नाहीत. एकमेकांत घुसत राहतात. सरावलेले लेखक लिहिताना आपलं उद्दिष्टच बदलतात. तेव्हा लिहिता लिहिता कळणं हे खरंच आहे. फक्त कळल्यावर काय करायचं, हा प्रश्न उरतो.

मनमौजी

@अनुस्वार, धन्यवाद. शेवटचं वाक्य टोचलं, पण चालेल.

अर्धविराम

वाचतेय. वाचनखूण साठवली.

माझी अडचण नेमकी तिथलीच आहे. प्रबंधाचं एक प्रकरण लिहून झालंय, भलंमोठं. मार्गदर्शक म्हणतात, "सगळं आहे, पण काय म्हणायचंय ते सापडत नाही." आता आराखडा करून काय उपयोग? प्रकरण तर लिहून बसले आहे. सगळं पुन्हा लिहायचं का?

शाईदौत

@अर्धविराम, तुमच्याइतका उपयोग आणखी कुणाला होणार नाही. उलटा आराखडा करा. म्हणजे लिहून झालेल्या मजकुरातून आराखडा काढायचा. माझं मत विचाराल तर लिहिण्याआधीच्या आराखड्यापेक्षा हाच जास्त कामाचा, आणि @मनमौजी यांनाही चालण्यासारखा, कारण लिहिण्याची मजा तोवर घेऊन झालेली असते.

प्रकरण कागदावर छापा. पडद्यावर करू नका, पडद्यावर हात शिवशिवतात आणि माणूस वाक्य दुरुस्त करत बसतो. परिच्छेदांना क्रमांक द्या. मग प्रत्येक परिच्छेद वाचून, कागद उलटा ठेवून, समासात एक वाक्य लिहा: हा परिच्छेद वाचकाला काय सांगतो? 'कशाबद्दल आहे' हे लिहू नका, तिथेच घात होतो. 'सर्वेक्षणाबद्दल' असं लिहिलंत तर काहीच मिळणार नाही. 'सर्वेक्षणात तरुणांची उत्तरं कमी आली, त्यामुळे सरासरी फसवी आहे' असं हवं. आणि जे तिथे आहे तेच लिहा. जे असायला हवं होतं, जे तुमच्या मनात आहे, ते नको. यासाठी मजकूर दोन-चार दिवस बाजूला ठेवलेला बरा.

मग मूळ प्रकरण बाजूला सारा आणि नुसती ती वाक्यं सलग वाचा. हमखास सापडणाऱ्या गोष्टी सांगतो.

दोन परिच्छेदांना जवळपास तेच वाक्य मिळतं. बऱ्याचदा ते एकमेकांपासून लांब असतात, म्हणून वाचताना जाणवत नाही. यातला एक जातो, किंवा दोन्ही एकत्र येतात.

एखाद्या परिच्छेदाला एक वाक्य पुरत नाही, 'आणि' घालून दोन जोडावी लागतात. तो फोडायचा.

एखाद्याला वाक्यच सापडत नाही. माहिती असते, संदर्भ असतात, पण तो सांगत काहीच नाही. प्रबंधात असे परिच्छेद फार, कारण 'मी हे वाचलंय' हे दाखवायचं असतं. एक तर त्या वाचनावरून तुमचं विधान काढा, नाहीतर ते तळटीपेत पाठवा. (आयडी तळटीप यांनी राग मानू नये.)

आणि सगळ्यात नेहमीचं: प्रकरणाचा खरा मुद्दा शेवटून दुसऱ्या परिच्छेदात सापडतो. हे स्वाभाविक आहे, लिहिता लिहिता तुम्ही तिथवर पोचलात. पण वाचकाला तुमचा प्रवास नकोय, मुक्काम हवाय. तो मुद्दा उचलून सुरुवातीला आणा आणि मग प्रत्येक परिच्छेदाला विचारा, तू याला काय पुरवतोस? मार्गदर्शकांचं 'सापडत नाही' बहुतेक याबद्दलच असावं.

तळटीप

राग नाही. तळटीपेतच बरं असतं, कुणी त्रास देत नाही.

फिरकी

एवढा खटाटोप कशाला? हल्ली यंत्राला सांगायचं, 'या विषयावर आराखडा दे'. दोन सेकंदांत हजर.

खोडरबर

@फिरकी, मिळतं काय तेही सांगा की. प्रस्तावना, महत्त्व, फायदे, आव्हाने, भविष्य, निष्कर्ष. धागाकर्त्याची पहिली यादीच, जरा इस्त्री केलेली. विषय पाऊस असो की बुद्धिबळ, खोके तेच.

फिरकी

मग वाक्यांत मागायचा.

शाईदौत

@फिरकी, मागा. वाक्यं देईल, पण ती विधानं तुमची नसतील, आणि तिसऱ्यावर कुणी हरकत घेतली तर तुम्हाला उत्तर देता येणार नाही. उलट्या आराखड्याला मात्र मी हरकत घेणार नाही. आधी स्वतः करा, मग यंत्राकडून करून घ्या आणि दोन्ही ताडून बघा. एखाद्या परिच्छेदाबद्दल तुमचं आणि त्याचं वाक्य जुळत नसेल, तर तो परिच्छेद पुन्हा वाचण्यालायक आहे. चूक यंत्राचीही असू शकते, पण एखादा वाचकही तसंच चुकेल.

काजळरेघ

मी कथा लिहिते. 'विधान लिहा' हे कथेला जसंच्या तसं लागू होत नाही, कारण प्रसंग काही सिद्ध करत नसतो. मी प्रत्येक प्रसंगाच्या कार्डावर एवढंच लिहिते: कोणाला काय हवंय, काय आडवं येतं, आणि प्रसंग संपताना काय बदललेलं असतं. तिसरं रकाना रिकामं राहिलं तर प्रसंग कितीही सुंदर असो, कथेत त्याचं काम नाही. तो काढताना जिवावर येतं हे वेगळं.

दीर्घकथा असेल तर शेजारी एक दिनदर्शिका. कुठला प्रसंग कुठल्या दिवशी, आणि त्या वेळी कोणाला काय ठाऊक असतं. रहस्यकथा लिहिणाऱ्याने हे शेवटचं न लिहिता पुढे जाऊ नये. पात्राला तिसऱ्या दिवशी कळलेली गोष्ट ते दुसऱ्या दिवशीच बोलून बसतं, आणि ते आधी वाचकाच्या लक्षात येतं.

व्लादिमीर नबोकोव्ह कार्डांवर लिहायचे, म्हणजे कादंबरीच कार्डांवर. हव्या त्या क्रमाने लिहा, नंतर लावा. त्यांची शेवटची अपुरी कादंबरी २००९मध्ये, मृत्यूनंतर ३२ वर्षांनी, १३८ कार्डांवरून छापली. पुस्तकात कार्डं कडेने भोकं पाडून अशी छापली होती की वाचकाने हवं तर सुटी करून आपल्या क्रमाने लावावीत. मला ते बघून वाटलं, कार्डं हलवता येणं हे लेखकाचं सुख आहे. ती कुठे थांबवायची हे लेखकालाच ठरवावं लागतं, तो गेला की त्याचं नुसतं कोडं होतं.

मनमौजी

@काजळरेघ, 'काय बदललेलं असतं' हे मला पटण्यासारखं आहे. ललितात 'बदल' लेखकाच्या सुरात होतो. सुरुवातीला चिडलेला असतो, शेवटी कुतूहल वाटत असतं. हे मी आधी ठरवत नाही, पण उलटा आराखडा म्हणून समासात नुसता सूर लिहून बघता येईल: चीड, चीड, चीड, विनोद, चीड. म्हणजे लेख हललाच नाही.

अनुस्वार

@मनमौजी, हे मस्त आहे, वापरणार.

बोरू

तांत्रिक भर. वर्डमध्ये शीर्षकांना नुसतं ठळक करू नका, 'हेडिंग १', 'हेडिंग २' या शैली लावा. मग डावीकडच्या नॅव्हिगेशन पेनमध्ये सगळा सांगाडा दिसतो आणि शीर्षक ओढून वर-खाली केलं की खालचा मजकूर सोबत सरकतो. खर्ड्यात शीर्षकाच्या जागी पूर्ण विधानच टाकून ठेवायचं. शेवटी छोटं करायचं किंवा काढून टाकायचं.

अवांतर: ओळी मिटवायच्या-उघडायच्या, वर-खाली करायच्या ही सोय संगणकावर फार आधीपासून आहे. ९ डिसेंबर १९६८ला डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत जे गाजलेलं प्रात्यक्षिक दिलं, ज्यात लोकांनी माऊस पाहिला, त्यात यादीचे गट करून मिटवून दाखवणंही होतं.

फिरकी

@बोरू, पण मोबाईलवर लिहिणाऱ्यांचं काय?

बोरू

टिपणाच्या ॲपमध्ये एका ओळीत एक वाक्य. ओढून हलवता आलं की पुरे. साधनात वेळ घालवू नका. आराखड्याची सगळी ॲपं वापरून बघितलेली आणि लेख एकही न लिहिलेली माणसं मला माहीत आहेत.

खोडरबर

यावरून एक धोका नोंदवतो. आराखडा करणं हे काम केल्यासारखं वाटायला लावतं. उपमुद्दे, त्यांचे उपमुद्दे, रंग. एका पातळीखाली आणखी एक पातळी ठीक, तिसरी आली की बहुतेक वेळा लिहायची टाळाटाळ चाललेली असते. दुसरा धोका म्हणजे सममितीचा मोह. चार मुद्द्यांना तीन-तीन उपमुद्दे मिळाले आणि पाचव्याला एकच, म्हणून आणखी दोन ओढून आणायचे. एक असेल तर एकच असू द्या. लेखातला जो भाग सकस आहे तो आराखड्यातही फुगलेलाच दिसला पाहिजे.

शाईदौत

+१. आणि लिहिताना आराखड्याबाहेरचं काही चांगलं सुचलं तर ते लिहायचं, फक्त त्या वेळी आराखडाही बदलायचा. आराखडा जुना आणि मजकूर नवा असं झालं की दोन-तीन पानांत तो कुणी बघतही नाही.

@मनमौजी यांना भेडसावणारे 'मुद्दा एक, मुद्दा दोन' छापाचे लेख आराखड्यामुळे होत नाहीत. आराखडा मजकुरात तसाच उतरवला की होतात. क्रमांक लेखकासाठी असतात. वाचकाला 'पण' आणि 'म्हणून' पुरतात.

अर्धविराम

करून बघितलं, पहिल्या निम्म्या प्रकरणापुरतं. जे निघालं ते असं:

परिच्छेद १ ते ५: वाक्यच नाही, नुसता पूर्वसुरींचा आढावा.
६: आधीच्या अभ्यासांनी शहर आणि गाव हे दोन कप्पे धरले.
७, ८: माझी माहिती कशी गोळा केली.
९: पुन्हा ६चंच वाक्य, वेगळ्या शब्दांत.
१०: माझ्या माहितीत मोठा गट ये-जा करणाऱ्यांचा आहे, तो दोन्ही कप्प्यांत बसत नाही.
११ ते १४: त्या गटाची उदाहरणं.

मुद्दा दहाव्यात आहे, हे माझं मलाच आता दिसतंय. तो पहिला आणू? पण मग १ ते ५ चं काय? त्यात सहा महिन्यांचं वाचन आहे हो.

शाईदौत

@अर्धविराम, पहिल्याच फटक्यात छान निघालं की. असा क्रम करून बघा: १० (एका परिच्छेदात, निर्भीडपणे), मग ६ आणि ९ एकत्र ('पण आजवर सगळ्यांनी दोनच कप्पे धरले'), त्याच्या पोटात १ ते ५ मधलं फक्त तेवढंच, जे कप्पे कसे पडले आणि कुणी पाडले ते दाखवतं. ते सगळं वाचन आता एका विधानाचा पुरावा होईल, निम्म्याहून अधिक टिकेल असं वाटतं. मग ७-८, मग उदाहरणं.

एक शंका. ११ ते १४ ही चारही उदाहरणं एकच गोष्ट सांगतात का? प्रत्येकाला स्वतःचं वाक्य द्या. दोघांचं सारखं आलं तर एक ठेवा.

अनुस्वार

@अर्धविराम, मार्गदर्शकांना नवं प्रकरण देण्याआधी ही वाक्यांची यादीच दाखवा. एक पान वाचून ते लगेच सांगतील की ६ नंतर १० मान्य आहे की नाही. सगळं प्रकरण पुन्हा लिहून मग नकार ऐकण्यापेक्षा ते बरं.

अर्धविराम

हे सुचलंच नव्हतं. सोमवारी भेट आहे, यादी घेऊन जाते. ११ आणि १३ चं वाक्य सारखंच येतंय, आत्ताच बघितलं. १३ काढते.

काजळरेघ

काढा, पण पुसू नका. 'उरलेलं' नावाची एक फाईल करा आणि तिकडे टाका. काढायला हात धजावतो.

अर्धविराम

@काजळरेघ, केली. १ ते ५ मधलं बरंचसं तिकडेच जाणार असं दिसतंय. सोमवारनंतर इथेच कळवते.